मराठी कार्यक्रमपत्रिकेसाठी ‘मुक्त’ फॉन्ट कसा आहे?

तुम्ही विचारलंय, इंदूरमध्ये गणेशोत्सवाची मराठी पत्रिका आणि बॅनर करायचाय, ‘मुक्त’ चालेल का. चालेल. गेली काही वर्षं मी आमच्या मंडळाची पत्रिका त्यातच लावतो.

‘मुक्त’ मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला. आधी नाव ‘एक मुक्त’ होतं. गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, छपाईलाही परवाना आड येत नाही. अगदी बारीकपासून अगदी ठळकपर्यंत सात जाड्या आहेत आणि रोमन अक्षरंही त्याच हाताची वाटतात. इंदुरात हे कामाचं, कारण देणगीदाराच्या दुकानाचं नाव हमखास इंग्रजीत येतं.

त्याला सॅन्स-सेरिफ म्हणतात, म्हणजे सेरिफ (रोमन अक्षरांच्या टोकांना असणाऱ्या बारीक रेघा) नसलेला, पण देवनागरीला मुळात सेरिफ नसतातच. इथे अर्थ एवढाच की बोरूच्या तिरक्या कापामुळे येणारी जाड-बारीक रेषा काढून टाकली आहे, सगळी रेष जवळपास एकाच जाडीची. त्यामुळे मोबाइलवर आणि लहान आकारात मजकूर स्वच्छ दिसतो. सर्वांत ठळक जाडी मात्र लहान आकारात वापरू नका, ‘ष’ आणि ‘क्ष’च्या पोकळ्या शाईने बुजतात. मथळ्यासाठी मी ‘एक टाइप’चाच ‘बलू’ फॉन्ट घेतो. तो गोलमटोल आहे, सणाला शोभतो. शोकसभेच्या पत्रिकेवर कृपया नको.

आता खरी अडचण सांगतो, ती फॉन्टची नाही, आपल्या शहराची आहे. फ्लेक्सवाल्याकडे सगळं हिंदी. एका वर्षी आमच्या बॅनरवर ‘लोकमान्य’ छापून आलं ते उजवीकडे उभा दांडा असलेल्या ‘ल’ने. रामबागेतले एक काका पाहताक्षणी म्हणाले, “हा ल कुठला रे?” मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ लिहायचा, महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये वर्णमालेच्या निर्णयात तेच ठरवलं. आजच्या कित्येक फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय मराठी वळण बाहेर येत नाही. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती निवड अक्षरांच्या खिडकीत (कॅरेक्टर पॅनल) असते, वेबपानावर भाषेची खूण द्यावी लागते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ‘लशी’ टाइप करून बघा, त्यात ‘ल’ आणि ‘श’ दोन्ही येतात.

त्याच बॅनरवर ‘दुसऱ्या दिवशी’च्या जागी ‘दुसर्या’ होतं, ‘य’च्या डोक्यावर रफार. ऑपरेटरने साधा ‘र’ जोडला होता. इथे नुक्त्याचा ‘ऱ’, हलंत, मग ‘य’ असा क्रम लागतो. हिंदीला याची गरज पडत नाही, म्हणून ऑपरेटरचा दोष मानू नका, मजकूर स्वतः युनिकोडमध्ये टाइप करून द्या. कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर ‘मुक्त’मध्ये टाकलात तर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसेल, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

आणखी एक. ‘मुक्त’मध्ये ओळींतलं अंतर मुळातच ऐसपैस आहे, वरच्या मात्रा आणि खालचे उकार मावावेत म्हणून. बॅनरवर जागा वाचवायला ते कमी करतात. करा, पण ‘प्रमुख पाहुणे’च्या खाली ‘वैद्य’ आडनाव आलं तर ‘मु’चा उकार ‘वै’च्या मात्रांत घुसतो. आमच्याकडे घुसला होता, आणि वैद्य पाहुणे म्हणून समोरच्या रांगेत बसले होते.

फ्लेक्सला पाठवताना पीडीएफ द्या आणि अक्षरं आकारांत (आउटलाइन) बदलून द्या. म्हणजे त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही.