कायदेविषयक प्रश्नोत्तरे : खटला नाही, तरी कोठडी?

प्रश्न : माझा पुतण्या युरोपात नोकरीस होता. व्हिसाची मुदत संपल्याने चार महिन्यांपासून तो स्थानबद्धता केंद्रात आहे. खटला कोणताही नाही. हे कायदेशीर आहे का? येथून जामीन देता येईल का? – एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : ही कोठडी शिक्षा नसून प्रशासकीय असते, त्यामुळे ‘त्याचा गुन्हा काय’ असे विचारून फारसे साधत नाही, ‘त्याच्याच बाबतीत कोठडीवाचून का भागत नाही’ हे वकिलाने विचारले पाहिजे. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम ९ मनमानी अटकेस मनाई करते आणि कोठडीची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क परदेशी व्यक्तीलाही देते. होडीतून ऑस्ट्रेलियात पोहोचलेल्या एका कंबोडियन आश्रयार्थीस चार वर्षांहून अधिक काळ डांबले गेले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९७ मध्ये ती कोठडी मनमानी ठरवली. केवळ बेकायदा प्रवेश पुरेसा नाही, ती व्यक्ती पळून जाईल किंवा सहकार्य करणार नाही असे काही कारण दाखवावे लागते, आणि काळ लोटेल तसे ते पुन्हा तपासावे लागते.

पर्याय आपल्या ओळखीचेच आहेत : पासपोर्ट जमा करणे, ठरलेल्या पत्त्यावर राहणे, पोलिसांत हजेरी, जामीनदार. आसामात परदेशी ठरवून तीन वर्षांहून अधिक काळ कोठडीत ठेवलेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये याच धर्तीच्या अटींवर सोडण्यास परवानगी दिली. त्यात प्रत्येकी एक लाखाचे दोन जामीनदार हवे होते, जे त्या माणसांना कोठून मिळणार होते, हे न्यायालयच जाणे. २०२० मध्ये ही रक्कम पाच हजारांवर आली. मात्र आपला सातबारा किंवा तहसीलचा ऐपतीचा दाखला तिकडे उपयोगी पडेलच असे नाही. तेथे स्थायिक असलेल्या, राहायला जागा देऊ शकणाऱ्या परिचिताचे लेखी हमीपत्र अधिक कामाचे ठरते.

पुतण्यास परत यायचे असेल, तर अडसर बहुधा प्रवासाच्या कागदाचा असतो. पासपोर्ट नसल्यास भारतीय दूतावास इमर्जन्सी सर्टिफिकेट (मायदेशी परतण्यापुरता प्रवासाचा कागद) देतो, पण त्याआधी नागरिकत्वाची खातरजमा होते व ती गावच्या पोलीस ठाण्यापर्यंत येऊ शकते. १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासास कळवण्याची मागणी त्याने स्वतः करायची असते, म्हणून तसे त्यास आधी सांगावे. आपण परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि त्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला व जुन्या पासपोर्टची झेरॉक्स हाताशी ठेवावी.