ओल वर का चढली?

प्रश्न : दांडिया बाजारातलं आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, विटा-चुन्याचं. मागच्या पावसाळ्यात खालच्या खोलीची भिंत गुडघ्यापर्यंत ओलावली. दिवाळीआधी सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग मारला. आता ओल कमरेपर्यंत आलीय. रंग हलका निघाला का?
– एक वाचक भगिनी, वडोदरा

उत्तर : ताई, रंगाचा दोष नाही. भिंतीची वाळायची वाट बंद झाली, म्हणून पाणी वर सरकलं.

एक कोरडी वीट ताटलीतल्या पाण्यात उभी करा आणि ओलीची रेघ पेन्सिलीने आखत जा. पहिल्या मिनिटात जेवढी चढेल, त्याच्या दुप्पट चढायला चार मिनिटं लागतील, तिप्पट चढायला नऊ. विटेत केसाहून बारीक वाटा असतात आणि वाट जितकी अरुंद, तितकं पाणी उंच. ०.१ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते साधारण १५ सेंटिमीटर चढतं, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत दीड मीटर. भिंतीत सहसा एवढं चढत नाही, कारण वाटेत दोन्ही अंगांनी उडून जातं. चुन्याचा गिलावा ते उडू देतो. तुमच्या सिमेंट-रंगाने नेमकं तेच अडवलं.

आमच्या रावपुऱ्यातल्या घरी मीही तरुणपणी हेच केलं होतं. दोन वर्षांत गिलाव्याचे पापुद्रे सुटले आणि मागची वीट बोटाने खरवडली तरी भुगा पडायचा. जमिनीतले क्षार पाण्याबरोबर चढतात, पाणी उडालं की तिथेच त्यांचे स्फटिक वाढतात आणि विटेला आतून फोडतात. लोणा म्हणतो तो हाच. आईच्या देवघराची भिंत होती ती. अजून वाईट वाटतं.

तेव्हा रंग आणि सिमेंट दोन्ही काढा, ओलीच्या रेघेच्या वर हातभर. पांढरा थर कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा आणि बाहेर टाका. पाण्याने मात्र धुऊ नका, विरघळून परत आत जाईल. हिवाळा-उन्हाळा भिंत उघडी राहू द्या, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी.

त्याआधी बाहेर जाऊन बघा : अंगणातली फरशी नव्याने घालताना जोत्याच्या वर आलीय का, न्हाणीचा पाइप भिंतीलगत गळतोय का. जुन्या घरांना जोत्यावर ओल अडवणारा थर बहुधा नसतो, त्यामुळे बाहेरचं पाणी थेट भिंतीत शिरतं. फरशी वर आली असेल, तर आधी तीच उतरवून घ्या.