जाळीवरचा तो कोळी ‘इसियस तुकारामी’ आहे का?

कल्याणला घराच्या जाळीवर दिसलेला, तांदळाच्या दाण्याएवढा उड्या मारणारा कोळी ‘इसियस तुकारामी’च का, असं तुम्ही विचारलंय. फोटो मोठा करून नीट पाहिला. मला तो मेनेमेरस बायव्हिटॅटस या दुसऱ्या जातीचा नर वाटतोय. चपटं राखाडी अंग, पोटावर मधोमध गडद पट्टा. हा उष्ण प्रदेशांत जगभर घरांच्या भिंतींवर सापडतो.

तुमची शंका मात्र रास्त आहे. तुकारामीचं शास्त्रीय वर्णन 2021 साली प्रसिद्ध झालं, तेही ठाणे-कल्याण परिसरात मिळालेल्या नमुन्यांवरून. त्याच शोधनिबंधात फिंटेला चोलकेई ही दुसरी नवी जातही होती. म्हणजे तुमच्या दारातलीच गोष्ट!

पण खात्री रंगावरून होत नाही. तोंडाजवळ दोन आखूड, पायांसारखे अवयव दिसतात, ते पॅल्प. वयात आलेल्या नराच्या पॅल्पचं टोक गाठीसारखं फुगतं. नर आधी इवलंसं जाळं विणून त्यावर वीर्याचा थेंब सोडतो, तो पॅल्पमध्ये ओढून घेतो आणि मग मादीकडे जातो. या टोकाची घडण जातीजातीत वेगळी असते. मादीची ओळख पटते ती पोटाखालच्या जननांगावरून. दोन्हींसाठी सूक्ष्मदर्शक लागतो. पिल्लांच्या बाबतीत तर जातीचं नाव ठामपणे सांगूच नये.

म्हणून कृपा करून त्याला मारून बाटलीत भरू नका. पारदर्शक डबीत अलगद घ्या, वरून, समोरून आणि तळाच्या काचेतून पोटाकडून फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा. तारीख, जागा, झाड की भिंत हे लिहून ठेवा आणि जिथून घेतला तिथेच सोडा. तुमच्या मुलीला तो चावेल अशी भीती वाटतेय, पण तो माणसाच्या वाटेला जात नाही. त्याचं लक्ष माश्या-चिलटांवर असतं.

‘तुकारामी’ या नावाबद्दल तिला जरूर सांगा. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हातात फक्त काठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवणारे, साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे, यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवलंय. पुरुषाच्या नावावरून जातीला नाव दिलं की लॅटिन पद्धतीने शेवटी ‘ई’ लागतो, म्हणून तुकारामी. हे वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

पोटाकडचा फोटो मिळाला की दाखवा. पॅल्प स्पष्ट आला तर पुढचं बोलता येईल.