युवांसोबत काम करणाऱ्या छोट्या गटाला निधी, बातम्या आणि साहित्य कुठून मिळेल?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: पाच जणांचा गट, दोन वर्षं किशोरवयीन आणि तरुण मुलामुलींसोबत काम, सगळी पदरमोड. आता निधी कुठे शोधायचा, या क्षेत्रातल्या बातम्या आणि साहित्य कुठे मिळतं, आणि आधी संस्था नोंदवायची की आधी पैसा बघायचा? तुम्ही देश लिहिलेला नाही, म्हणून कुठेही चालेल तेवढंच सांगतो.

मी बारा वर्षं प्रस्ताव लिहिले आणि नंतर तीन वर्षं एका अनुदान समितीत बसून दुसऱ्यांचे वाचले. लिहिताना जे कधी कळलं नाही ते वाचताना पंधरा दिवसांत कळलं.

पैसा कार्यक्रमाला मिळतो. शिबिर, कार्यशाळा, मेळावा, पथनाट्य, ज्याचा फोटो निघतो आणि उपस्थितीच्या कागदावर सह्या होतात त्याला. आपलं काम मात्र दोन कार्यक्रमांच्या मधल्या दिवसांत होतं. एखादी मुलगी सहा महिने नुसती येऊन कोपऱ्यात बसते, कुणाशी बोलत नाही, आणि एका संध्याकाळी सगळे गेल्यावर दारात थांबून म्हणते, "दादा, एक विचारायचं होतं." त्या संध्याकाळी दार उघडं ठेवून कुणीतरी तिथे बसलेलं असणं, हाच युवाकार्याचा खरा खर्च. अर्जाच्या नमुन्यात त्याला रकाना नसतो.

आमचं पहिलं अनुदान मिळालं तेव्हा मी बजेटमध्ये कार्यकर्त्यांच्या मानधनापुढे शून्य लिहिलं होतं. अभिमानाने! वाटलं, देणारे म्हणतील किती निःस्वार्थी माणसं. वर्षात आठ शिबिरं झाली, फलक छापले, प्रमाणपत्रं वाटली, हिशेब शेवटच्या पावतीपर्यंत जुळला. आणि ज्याच्यामुळे मुलं यायची तो आमचा सहकारी दहाव्या महिन्यात नोकरीला लागला, कारण त्यालाही घर होतं. तो गेला आणि दोन महिन्यांत गट पांगला. अहवालात मात्र आम्ही 'उद्दिष्ट शंभर टक्के पूर्ण' असं लिहिलं, आणि ते खोटंही नव्हतं.

पुढे समितीत बसल्यावर असे शून्यवाले अर्ज गठ्ठ्याने दिसले. वाचणाऱ्याला त्यात त्याग दिसत नाही. ही माणसं वर्षभर टिकणार नाहीत एवढंच दिसतं.

म्हणून शोधाशोध सुरू करण्याआधी एक काम करा. पाच जण मिळून आठवड्याचे किती तास देता ते महिनाभर वहीत लिहा: घरभेटी, फोन, पालकांशी बोलणं, शाळेत किंवा सरकारी कचेरीत सोबत जाणं, सगळं. मग ते तास प्रत्येक उपक्रमाच्या खर्चात घाला. 'प्रशासकीय खर्च' म्हणून वेगळे काढलेत तर पहिली कात्री तिथे लागते. 'शिबिरापूर्वीच्या घरभेटी' आणि 'शिबिरानंतरचा सहा महिन्यांचा पाठपुरावा' असं लिहिलंत की तो उपक्रमाचाच भाग होतो, आणि तो असतोच. यात कुणाला फसवणं नाही.

देणाऱ्यांच्या बाजूलाही हे हळूहळू शिरतंय. २००९ साली अमेरिकेतल्या एका नियतकालिकात यावर लेख आला आणि 'उपासमारीचं चक्र' हा शब्द या क्षेत्रात रुळला: देणारा प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमी देतो, संस्था खर्च लपवून कमी दाखवते, मग देणाऱ्याला तेवढंच पुरेसं वाटतं. फोर्ड फाउंडेशनने २०१६ मध्ये एक अब्ज डॉलरचा कार्यक्रम आखला, पाच-पाच वर्षांचा आणि संस्था उभी राहण्यासाठीचा. अमेरिकेतल्या दानशूर मॅकेन्झी स्कॉट तर मोठमोठ्या रकमा विनाअट देतात. हा पैसा तुमच्या दारात येणार नाही, पण लहान फाउंडेशनशी बोलताना 'मोठे असं देतात' हे सांगता येतं, आणि त्याचा उपयोग होतो. दोनदा झालाय.

आता प्रत्यक्ष दारं.

युरोपातल्या गटांसाठी सर्वात जुनं दार म्हणजे काउन्सिल ऑफ युरोपचं (मानवी हक्कांसाठीची युरोपीय देशांची संघटना, युरोपियन युनियनहून वेगळी) युरोपियन युथ फाउंडेशन, १९७२ पासूनचं. स्थानिक पातळीवरच्या छोट्या प्रयोगांनाही ते पैसे देतं आणि स्वयंसेवकांचा वेळ बजेटमध्ये मोजू देतं. वर वहीत लिहिलेले तास तिथे थेट उपयोगी पडतात. दुसरं इरॅस्मस प्लस, म्हणजे युरोपियन युनियनचा शिक्षण आणि युवा कार्यक्रम: २०२१ ते २०२७ साठी सुमारे २६ अब्ज युरो, त्यातले १०.३ टक्के युवाक्षेत्रासाठी. संस्थांच्या छोट्या भागीदारीला तिथे ३०,००० किंवा ६०,००० युरोची ठोक रक्कम मिळते. युवा देवाणघेवाणीत (वेगवेगळ्या देशांतले तरुण गट काही दिवस एकत्र येतात त्यात) आयोजनाचा खर्च माणशी ठरलेल्या दराने देतात, त्या रकान्यात पावत्यांची चळत लागत नाही. दोन्हीकडे पात्रता देशावर ठरते, तेवढं आधी बघा.

देशाची चौकट सैल असलेल्यांपैकी ग्लोबल फंड फॉर चिल्ड्रेन वस्तीपातळीवरच्या गटांना लवचीक पैसा देतो. फ्रिडा हा तरुण स्त्रीवाद्यांचा फंड आहे आणि तिथे अर्ज करणारे गटच मतदान करून निधी कुणाला द्यायचा ते ठरवतात, मला ही पद्धत फार आवडते. संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी (२००५ पासूनचा) युवासहभागाला पैसे देतो, पण त्याची अनुदानं साधारण एक लाख डॉलरपासून पुढे. पाच जणांच्या गटाने आत्ता त्याच्या नादी लागू नये. पैसा मिळाला तर हिशेबातच बुडाल.

अर्ज बाद होण्याचं एक क्षुल्लक कारण मी शेकड्याने पाहिलंय: वय. 'युवा' म्हणजे कोण हे प्रत्येकाचं वेगळं. संयुक्त राष्ट्रं आकडेवारीसाठी १५ ते २४ धरतात, राष्ट्रकुल १५ ते २९, आफ्रिकन युवा सनद १५ ते ३५, तर इरॅस्मस प्लसच्या देवाणघेवाणीत १३ ते ३० चालतं. तुमच्या गटात बारा वर्षांची मुलंही असतील तर त्यांना त्या अर्जात मोजू नका. गटातून काढा असं मात्र मी म्हणत नाहीये.

फाउंडेशनचं संकेतस्थळ वाचून फारसं हाती लागत नाही, तिथे सगळेच 'युवा सक्षमीकरण' लिहितात. आधी पैसे कुणाला आणि किती दिले ते शोधा. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनना दरवर्षी ९९०-पीएफ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं, त्यात दिलेल्या अनुदानांची यादी असते आणि ते कुणालाही बघता येतं. प्रोपब्लिका या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या नॉनप्रॉफिट एक्सप्लोररवर ते फुकट शोधता येतं. ब्रिटनमध्ये '३६० गिव्हिंग' या संस्थेचं ग्रँटनॅव्ह हे संकेतस्थळ हेच काम करतं. कॅन्डिड या अमेरिकी संस्थेची देणाऱ्यांची मोठी निर्देशिका आहे, पण तिच्या पूर्ण वापराला वर्गणी पडते, काही ग्रंथालयांत ती मोफत बघायला मिळते. तुमच्याएवढ्या गटाला, तुमच्यासारख्या कामासाठी, तुमच्या देशात त्यांनी मागच्या तीन वर्षांत एकदाही पैसे दिले नसतील तर तो अर्ज लिहू नका. हा नियम पाळायला लागल्यापासून माझे अर्ज निम्मे झाले आणि मंजुऱ्या वाढल्या.

एकाच देणाऱ्यावर विसंबणं किती महागात पडतं ते मोठ्यांकडे बघून कळतं. इंग्लंडमध्ये स्थानिक प्रशासनाचा युवासेवांवरचा खर्च २०१०-११ पासून, महागाई धरून, ७० टक्क्यांहून जास्त घटला आणि शेकडो युवाकेंद्रांना कुलूप लागलं. परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था यूएसएड १ जुलै २०२५ ला बंदच झाली, आणि तिच्या एका धाग्याला लटकलेले जगभरातले युवाप्रकल्प जानेवारीतल्या स्थगितीपासूनच अडकले होते. फिनलंडमध्ये वर्षानुवर्षं लॉटरी आणि जुगाराच्या नफ्यातून युवाकार्याला पैसा यायचा, २०२४ पासून तो जोड तोडून खर्च सरकारी अर्थसंकल्पात आणला. तिथे निदान युवाकार्याचा कायदा आहे. तुमच्याकडे तेवढाही आधार नसेल तर एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग एका खिशातून येऊ देऊ नका, आणि तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत नवा उपक्रम सुरू करू नका. हा दुसरा सल्ला मी स्वतः दोनदा मोडलाय.

साहित्याची चिंता करू नका, ते उदंड आहे आणि फुकट आहे. सॉल्टो-युथ, म्हणजे इरॅस्मस प्लसच्या युवाकामाला मदत करणारी केंद्रं, त्यांच्या 'टूलबॉक्स'मध्ये जगभरच्या प्रशिक्षकांनी टाकलेले खेळ, सत्रांचे आराखडे आणि पुस्तिका आहेत. दर्जा एकसारखा नाही, तुम्हाला चाळून घ्यावं लागेल. काउन्सिल ऑफ युरोपची 'कंपास' ही मानवी हक्क शिक्षणाची पुस्तिका २००२ मध्ये निघाली आणि तीसहून जास्त भाषांत गेली. तिच्यातले उपक्रम जसेच्या तसे उचलू नका, आपल्या मुलांच्या आयुष्यातले प्रसंग घालून फिरवा. 'टी-किट' या प्रशिक्षण पुस्तिकांच्या मालिकेतला नववा अंक निधी आणि आर्थिक व्यवस्थापनावर आहे, रविवारची दुपार त्याला द्या. युवाकार्य मुळात कशाला म्हणायचं यावर वाचायचं असेल तर इन्फेड हे संकेतस्थळ, तिथे रमायला होतं, सांगून ठेवतो.

बातम्यांसाठी रोज काही वाचायची गरज नाही. दोन-तीन वार्तापत्रं लावून घ्या: सॉल्टोचं, राष्ट्रकुलाच्या युवा कार्यक्रमाचं (तो १९७३ पासून चालू आहे) आणि तुमच्या देशातल्या युवासंस्थांच्या महासंघाचं, असला तर. १२ ऑगस्टच्या आंतरराष्ट्रीय युवा दिनाच्या आसपास घोषणांचा पाऊस पडतो, त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या घोषणाच असतात. खरी नजर ठेवायची ती मोठ्या निधीचक्रांवर. उदाहरणार्थ, जुलै २०२५ मध्ये युरोपियन कमिशनने २०२८ ते २०३४ च्या इरॅस्मस प्लससाठी ४०.८ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. अशी चक्रं बदलली की अर्जाचे नियमही बदलतात, आणि पहिल्या वर्षी सगळेच नवखे असतात. नवख्याने शिरायला ते वर्ष बरं.

आता नोंदणी. घाई करू नका. नोंदणी झाली की दरवर्षीचं लेखापरीक्षण, विवरणपत्रं, बैठकांची इतिवृत्तं मागे लागतात, आणि ती कामं तुमच्यातल्या एकाच्या गळ्यात पडतात (बहुतेक वेळा जी मुलांशी सर्वात छान बोलते तिच्याच). पहिलं वर्ष-दोन वर्षं एखाद्या नोंदलेल्या, हिशेब चोख असलेल्या संस्थेच्या छत्राखाली पैसे घ्या. ती संस्था काही टक्के कापून घेईल, ते योग्यच आहे. मात्र लेखी करार करा. किती टक्के, पैसे किती दिवसांत सोडायचे, खर्चाचा निर्णय कुणाचा, आणि तुम्ही वेगळे झालात तर उरलेली रक्कम आणि मुलांच्या नोंदी कुणाकडे राहणार. आम्ही शेवटचा मुद्दा लिहिला नव्हता. चार वर्षांच्या नोंदवह्या अजून त्यांच्या कपाटात आहेत. परदेशातून पैसा येणार असेल तर मात्र त्या संस्थेला तो घेण्याची आणि पुढे द्यायची परवानगी आहे का हे तुमच्या देशाच्या कायद्यात आधी तपासा, काही ठिकाणी असा पैसा दुसऱ्याकडे वळवायला सरळ बंदी असते.

तासांची वही भरून झाली की आकडे इथे खाली टाका, बजेटचा पहिला मसुदा बघून देईन.