नाशिकला घरीच जर्मन शिकतोय, उच्चार आणि नामाचं लिंग दाखवणारं डेर-डी-दास कसं लक्षात ठेवू?
अरे टेन्शन नको घेऊ, मराठीवाल्याला अर्धं आधीच येतं. झेड म्हणजे आपल्या चटणीतला च, म्हणून ट्रेनला जे त्सूग लिहितात ना ते ऐकायला सरळ आपलं 'चूक' वाटतं, कारण शेवटच्या ग चा क होतो. मी पंचवटी ते सातपूर बसमध्ये हेच पुटपुटायचो, लोकं बघायचे. डब्ल्यू म्हणजे व, फाटर (म्हणजे वडील) मधला व्ही मात्र फ.

तो-ती-ते सारखंच डेर-डी-दास, पण लिंग जुळवत बसू नको, तिकडे सूर्य ती आणि चंद्र तो, सुरी तर ते! शब्द पाठ करतानाच डेर-डी-दास सकट कर. आणि 'वाइल' म्हणजे कारण, त्याच्यानंतर क्रियापद शेवटी, अगदी आपल्यासारखं.