धरण सरकारचं, मग महापालिकेच्या हातात काय?

प्रश्न असा आहे: नवं धरण राज्य सरकार बांधणार, तर ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेला त्यात कितपत बोलता येतं, आणि आपण नगरसेवकाला नेमकं काय विचारायचं?

भिंत कुठे बांधायची हे पालिका ठरवत नाही. आपल्या भागात ते काम जलसंपदा विभागाच्या कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचं. (मोरबे अपवाद, ते धरणच नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे. ठाण्याला मात्र स्वतःची पिसे योजना, स्टेम ही शहाड-टेमघरची पाणी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार दारांतून पाणी आणावं लागतं.) पण भिंत केवढी हवी, हा हिशेब सुरू होतो मागणीच्या आकड्यापासून, आणि तो आकडा पालिका कळवते. म्हणून सगळ्यात आधी माहिती अधिकारात मागणीचं पत्र आणि त्यामागचा लोकसंख्येचा अंदाज मागा.

तो तपासायचा कसा? माणशी रोज 135 लिटर धरा. दहा लाख लोकांना 135 एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर). वाटेतली गळती 15 टक्के धरली तर उचलावं लागतं सुमारे 159 एमएलडी, म्हणजे वर्षाला 58 दलघमी (दशलक्ष घनमीटर). हीच गळती 35 टक्के असेल तर 208 एमएलडी, वर्षाला जवळपास 76 दलघमी. मधले 18 दलघमी लोक पीत नाहीत, ते फुटक्या जोडण्यांतून जातात. पण तेवढ्यासाठी कुणाची तरी शेती बुडते. पालिका गळती कमी करण्याचं वेळापत्रक मागणीसोबत जोडते का, हा सभागृहात विचारण्यासारखा पहिला प्रश्न. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तेच पाणी दोनदा मोजणं किंवा अजिबात न मोजणं: मंजूर कोटा आणि प्रत्यक्ष मिळणारं पाणी हे दोन वेगळे रकाने हवेत.

एककांत गोंधळ होतो, तेही बघा. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, हे 28.32 दलघमी. (ठाण्यात टीएमसी म्हटलं की निम्मे लोक महापालिका समजतात, तेव्हा कागदावर दलघमीच लिहा.)

पुढचा कागद आर्थिक हिश्श्याचा ठराव. पोशीर आणि शिलार या कर्जत तालुक्यातल्या प्रकल्पांना राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये मंजुरी दिली. अशा प्रकल्पांत खर्च पाणी घेणाऱ्या संस्थांवर वाटला जातो. ठरावात खर्चाचा टक्का आणि पाण्याचा टक्का शेजारी शेजारी लिहिलेला हवा. किंमत वाढली तर वाढीव रक्कम कोणत्या प्रमाणात, आणि टंचाईच्या वर्षी कपात कोणत्या प्रमाणात, हेही. पुनर्वसनाचा बोजा इथेच उघड व्हायला हवा. एमआयडीसीच्या बारवी धरणाची उंची वाढवली तेव्हा बाधित कुटुंबांना नोकऱ्या देण्याची जबाबदारी एमआयडीसीबरोबर पाणी घेणाऱ्या पालिकांवरही आली. आधी पदं मोजलेली नसली की आस्थापना खर्चाची (कर्मचाऱ्यांच्या पगाराची) मर्यादा पुढे करून फाइल अडते. नवी मुंबईत 2020 पासून आणि ठाण्यात 2022 पासून बराच काळ प्रशासकच होते. त्या काळातले ठराव सभागृहात चर्चा न होता झालेले आहेत, ते आवर्जून काढून वाचा.

तिसरी गोष्ट धरणानंतरची, आणि ती पूर्णपणे पालिकेची. जलशुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी, जलकुंभ. भिंत उभी राहते आणि वाहिनी रेल्वे ओलांडण्याच्या परवानगीत किंवा वनजमिनीत अडकते. कोटा कागदावर राहतो. विजेचाही हिशेब मागा: 1 एमएलडी पाणी 100 मीटर चढवायला, पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता 70 टक्के धरून, साधारण 390 युनिट लागतात. 100 एमएलडीला रोजचे 39 हजार युनिट. हा आकडा पाणीपट्टीच्या अंदाजात दिसत नसेल तर अंदाज अपुरा आहे.

आता "जनसुनावणीत बोलू" म्हणणाऱ्यांसाठी. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेतला नदीखोरे प्रकल्पांचा गट जलविद्युत आणि सिंचनाचा आहे. निव्वळ पिण्याच्या पाण्याचं धरण त्यात बसत नाही, त्यामुळे ती सुनावणी होईलच असं धरू नका. 2013 च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणाम अभ्यासही राज्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर काही प्रकल्पांना वगळता येतो. वनजमीन लागत असेल तर वनमंजुरी मात्र टाळता येत नाही. मुरबाडच्या काळू धरणाचं काम ती नसतानाच सुरू झालं होतं, 2012 मध्ये उच्च न्यायालयाने थांबवलं.

इथे महापालिकेपेक्षा ग्रामसभेचं वजन जास्त. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू. कर्जत रायगडमध्ये, तिथे पेसा नाही. आदिवासी वाड्यांना आधार वनहक्क कायद्याचाच. म्हणून पालिकेच्या फाइलमध्ये ग्रामसभेचा ठराव जोडलेला दिसला तर त्याखालचा हजेरीपट उघडा: वनहक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया.