सायकोसिसचा धोका, मेंदूतल्या जोडण्या आणि इंजिनिअर

प्रश्न : मी सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एमआरआयवरून पुढे कोणाला सायकोसिस (भास-भ्रम होऊन वास्तवाशी नातं तुटणं) होणार हे ओळखणारं मॉडेल बनवायचंय. घरचे म्हणतात, डॉक्टर नसताना या वाटेला कशाला जातेस?

उत्तर : डॉक्टर नसलीस तरी चालेल. सिग्नल प्रोसेसिंग पक्कं असलेली माणसं इथे हवीच आहेत. पण मॉडेलच्या आधी माणसं समजून घे. अधूनमधून आवाज ऐकू येतात, पुसट संशय येतो, अभ्यास घसरलाय, पण आजार म्हणावा इतकं झालेलं नाही, अशांना 'जोखमीचे' म्हणतात. ते ठरतं प्रशिक्षित माणसाने घेतलेल्या मुलाखतीवरून, स्कॅनवरून नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढच्या दोन-तीन वर्षांत सायकोसिस होतही नाही.

जोखमीच्या तरुणांचा पाठपुरावा करणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या 'नॅपल्स' प्रकल्पातून 2015 मध्ये दिसलं की अशा लोकांत थॅलॅमसचा (मेंदूच्या मध्यातलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागाशी ताळमेळ कमी असतो आणि संवेदना-हालचालींच्या भागांशी जास्त. पुढे ज्यांना सायकोसिस झाला, त्यांच्यात हे अधिक ठळक होतं. तरीही हा गटांच्या सरासरीतला फरक आहे. एकट्या मुलाचा स्कॅन बघून भविष्य सांगता येत नाही, हे घरीही नीट सांग.

आता हाताने करून बघ. ओपनन्यूरो या मेंदूच्या स्कॅनच्या खुल्या संकेतस्थळावर 'डीएस 000030' हा डेटा मोफत आहे. त्यात जोखमीचे नाहीत, पण निरोगी आणि स्किझोफ्रेनिया असलेले आहेत, सरावाला पुरे. आधी दोन्हीकडचे दहा-दहा जण घे. एफएमआरआयप्रेप या सॉफ्टवेअरने डेटा साफ कर, मग नायलर्न या पायथन लायब्ररीमध्ये मेंदूचे 100 भाग पाड. भागांच्या 4950 जोड्या होतात. प्रत्येक जोडीचं कोरिलेशन काढ, म्हणजे दोन भागांचे सिग्नल किती एकत्र वर-खाली होतात ते; हाच तो ताळमेळ.

घोळ होतो तो डोकं हलण्यात. 0.2 मिलिमीटरची हालचालसुद्धा जवळच्या भागांतलं कोरिलेशन फुगवते आणि लांबच्यांतलं पाडते. रुग्ण सरासरीने जास्त हलतात, त्यामुळे हालचालच आजाराची खूण वाटू लागते. म्हणून गटांतला फरक बघण्याआधी दोन्ही गटांची सरासरी हालचाल ताडून बघ. जास्त हललेल्या फ्रेम (स्कॅनमधली एकेक क्षणचित्रं) गाळ. पण विश्रांतीचा (काही काम न देता घेतलेला) स्कॅन इथे जेमतेम पाच मिनिटांचा आहे, निम्मा उडाला तर त्या माणसालाच वगळ.

दुसरी चूक फार हुशार मुलंही करतात : सगळ्यांचा डेटा वापरून उत्तम 50 जोड्या निवडायच्या आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन (डेटाचे तुकडे, म्हणजे फोल्ड, पाडून आळीपाळीने एकावर तपासणं, बाकीच्यांवर ट्रेनिंग) करायचं. अचूकता छान दिसते, दुसऱ्या स्कॅनरवर कोसळते. निवड प्रत्येक फोल्डच्या आत, फक्त ट्रेनिंगच्या डेटावर कर.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट खुल्या डेटावरच कर. रुग्णांचे नवे स्कॅन घ्यायचे तर एथिक्स कमिटीच्या मंजुरीतच महिने जातात. पुढे गेट देऊन आयआयटी मुंबईचा जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग किंवा बेंगळुरूची आयआयएससी बघ. पीएचडीसाठी बेंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्था) आणि मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र) आहेतच. प्राध्यापकांना ईमेल करताना बायोडेटासोबत तुझा कोड आणि दोन्ही गटांच्या हालचालींचा आलेख जोड.